चुन्याची निवळी, समुद्राचे मीठ आणि घरातले प्रवाळ : एका छंदाचा इतिहास

१/
कोलशेत हे ठाण्याच्या उत्तरेला उल्हास खाडीच्या काठी वसलेले जुने कोळी-आगरी गाव. आज गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या आहेत. अशा इमारतीतल्या दिवाणखान्यात पन्नास-साठ लिटरच्या काचेच्या टाकीत, निळसर दिव्याखाली, जिवंत प्रवाळ पाळण्याचा छंद आता नवलाचा राहिलेला नाही. खाडी हाकेच्या अंतरावर असूनही या टाकीला तिचे थेंबभर पाणी चालत नाही. ते का चालत नाही, आणि प्रवाळाला खायला तरी काय घालायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली. त्याचा हा धागा.

२/
प्रवाळाशी या खाडीची ओळख फार जुनी आहे. वसईच्या मुखातून कल्याणकडे जाणारा जलमार्ग कोलशेतच्या काठानेच जातो. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत त्यात प्रवाळाचाही उल्लेख आहे. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की रोमनांना जशी मोत्यांची, तशी भारतीयांना प्रवाळाची किंमत वाटते. हे प्रवाळ म्हणजे भूमध्य समुद्रातील लाल पोवळे. नवरत्नांतले आणि मंगळाच्या अंगठीतले.

३/
पोवळे येथे पोहोचत असे ते मेलेले, घासून चकचकीत केलेले. ते मुळात काय होते, याविषयी युरोपातील विद्वानही चुकीच्या समजुतीत होते. १७०६ साली मार्सिली या इटालियन निसर्गशास्त्रज्ञाने ताज्या पोवळ्यावर पांढरी 'फुले' पाहिली आणि ते झाड असल्याचे जाहीर केले. मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने १७२०च्या दशकात समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात पोवळ्याच्या फांद्या ठेवल्या. 'फुले' उघडत होती, मिटत होती, स्पर्श होताच आक्रसत होती. ते प्राणी होते.

४/
पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूरने हे मत मांडले, पण पेसोनेलचे नाव न घेता. इतके ते त्याला अविश्वसनीय वाटले. पुढे १७४०च्या सुमारास गोड्या पाण्यातील हायड्रावरचे प्रयोग गाजले, तेव्हा रेओम्यूरने आपली चूक मान्य केली. या वादाचा निकाल लावणारे साधन म्हणजे पाण्याचे एक साधे भांडे होते. प्रवाळाला समुद्राबाहेर काही काळ जिवंत ठेवता येते, ही गोष्ट त्या भांड्याने प्रथम दाखवून दिली. तो काळ मात्र तासांत आणि दिवसांत मोजण्याइतकाच होता.

५/
दिवसांची वर्षे झाली ती लंडनमध्ये. १८४६ साली ॲना थिन या महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ एका भांड्यातून घरी आणले. तिचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये धर्माधिकारी होते. समुद्राचे पाणी किनाऱ्यावरून मागवावे लागे आणि ते लवकर खराब होई. मग एक युक्ती सुचली. उघड्या खिडकीसमोर बसून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते.

६/
हे काम घरातील मोलकरीण करीत असे. तिचे नाव इतिहासाने जपलेले नाही. पण घरगुती प्रवाळटाकीचा पहिला पंप म्हणजे तिचे हात होते. १८४७ पासून थिनबाईंनी टाकीत सागरी वनस्पती ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देतात आणि प्राण्यांचा मळ शोषतात, हे संतुलन साधल्यावर प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले आणि वाढलेही. त्यांचे टिपण १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते आणि श्रेय इतरांच्या नावावर गेले होते.

७/
त्या इतरांत प्रमुख फिलिप हेन्री गॉस. 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवण्यात त्याच्या १८५४ च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्याने काय करावे, याचेही उत्तर त्याने दिले : साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ठराविक प्रमाणात पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार करावे. कोलशेतच्या टाकीशेजारी असलेली 'रीफ सॉल्ट'ची बादली ही त्याच कृतीची सुधारलेली आवृत्ती आहे.

८/
आता खाडीचा प्रश्न. प्रवाळाला दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही बारा महिने स्थिर. कोलशेतच्या काठाचे पाणी भरतीला खारट, ओहोटीला मचूळ, तर श्रावणात उल्हासच्या पुरामुळे जवळपास गोडे होते. त्यात गाळ आहे, शहरांचे सांडपाणी आहे. कोळंबी, निवट्या, तिवरांची मुळे यांना हा चढउतार मानवतो. उधाण आणि भांग यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोळ्यांना तो तोंडपाठ असतो. स्वच्छ, उथळ, स्थिर समुद्रात घडलेल्या प्रवाळाला मात्र तो सोसत नाही.

९/
नळाचे पाणीही तसेच्या तसे चालत नाही. त्यातील क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि तांब्याचे अंश माणसाला निरुपद्रवी असले तरी टाकीत ते साठत जातात. येथे उपयोगी पडले ते आरओ तंत्र. त्याची व्यवहार्य पटलिका १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी घडवली. मात्र स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते. प्रवाळासाठी पटलिकेनंतर आयन शोषणारी राळ असलेला आणखी एक टप्पा लागतो.

१०/
पाणी जमले, अन्नाचे काय? उष्ण कटिबंधातील प्रवाळाच्या देहात सूक्ष्म सोनेरी-तपकिरी शैवाल राहते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. मग प्रवाळ स्वतः खातो, की हे शैवाल त्याला पोसते? १९२८ च्या जुलैत ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स या बेटावर वर्षभरासाठी उतरली. नेता होता अठ्ठावीस वर्षांचा मॉरिस यंग, आणि त्याचा विषय होता प्रवाळाचे पचन.

११/
यंगने प्रवाळांना नाना पदार्थ देऊन पाहिले. सूक्ष्म प्राणी दिले की त्याचे संस्पर्शक, म्हणजे तोंडाभोवतीची बारीक बोटे, ते पकडून आत नेत. वनस्पतिजन्य पदार्थ नाकारले जात. अंधारात उपाशी ठेवलेले प्रवाळ आतले शैवाल पचवीत नसत, तर बाहेर टाकून देत. निष्कर्ष निघाला : प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे आणि शैवाल हे त्याचे अन्न नव्हे. याच काळात असेही दिसले की पाणी फार तापले तरीही प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो. त्या नोंदीचे महत्त्व कळायला अर्धशतक जावे लागले.

१२/
यंगचे निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष अपुरा. १९४४ मध्ये पलाऊ बेटावरील जपानी संशोधन केंद्राच्या कावागुती यांनी हे शैवाल कोणत्या कुळातले ते ओळखले. १९५८ मध्ये अमेरिकेत लेनर्ड मस्कॅटिन आणि कॅडेट हँड यांनी समुद्रफुलावर प्रयोग केला. किरणोत्सारी कार्बन शैवालाने प्रकाशात शोषला आणि काही काळाने तो यजमान प्राण्याच्या पेशींत सापडला. प्रवाळ शैवालाला खात नाही. शैवालाने तयार केलेले अन्न त्याच्यात झिरपते. लगोलग १९५९ मध्ये थॉमस गोरो यांनी दाखवले की प्रकाशात प्रवाळाचा सांगाडाही अधिक वेगाने वाढतो.

१३/
म्हणजे प्रवाळ दोन ताटांत जेवतो. ऊर्जेचा मोठा वाटा प्रकाशातून, शैवालामार्फत मिळतो; नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र पकडलेल्या भक्ष्यातून मिळवावे लागतात. टाकीचा सगळा व्यवहार यावर उभा आहे. दिवा हे रोजचे जेवण, आणि अन्न टाकणे ही जोड. दिवा कमी पडला तर नुसते भरवून प्रवाळ जगत नाही. आणि पाणी अगदी निर्मळ ठेवून काहीच भरवले नाही, तर तो फिकट पडत जातो.

१४/
काय भरवायचे, हेही इतिहासातूनच आले. १९३३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे ॲल्विन सील यांनी माशांचे अन्न म्हणून आर्टेमियाची शिफारस केली. मिठागरांसारख्या अतिखाऱ्या पाण्यात राहणारा हा चिमुकला कवचधारी जीव. त्याची सुकी अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि खाऱ्या पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात. आज छोट्या टाकीत आठवड्यातून एक-दोनदा, संध्याकाळी दिवे मंदावल्यावर, प्रवाह दहा-पंधरा मिनिटे बंद करून, पिचकारीने हीच पिल्ले पॉलिपांवर सोडतात. अंधारात संस्पर्शक बाहेर आलेले असतात.

१५/
धोका उपासमारीपेक्षा अतिलाडाचा असतो. साठ लिटरच्या टाकीत उरलेला चमचाभर घास समुद्रात वाहून जात नाही. तो तेथेच कुजतो. त्यातून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट होते. फॉस्फेट साठते, हिरवे शेवाळ माजते. यावर १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एक मार्ग दाखवला : समुद्रातला जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, यंत्र जवळपास नाहीच. खडकातले जिवाणूच सफाई करतात. आजही टाकी नवी असताना आधी खडक आठवडेच्या आठवडे मुरवला जातो, मगच प्रवाळ येतो.

१६/
एंग यांच्या हाताशी निर्मळ समुद्र होता. जर्मनीतल्या शहरी हौशी लोकांच्या नव्हता. त्यांनी फेस काढणारे यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर, वापरात आणले. बारीक बुडबुड्यांना चिकटून सेंद्रिय मळ फेसाच्या रूपात वर येतो आणि कुजण्यापूर्वीच बाहेर काढता येतो. समुद्र खवळला की किनाऱ्यावर जो पिवळट फेस साचतो, तीच ही क्रिया. मुरलेला खडक, स्किमर आणि प्रखर दिवे एकत्र आल्यावर जी पद्धत बनली, ती 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते.

१७/
तरीही दगडी प्रवाळ वाढेनात. कारण सांगाडा बांधायला लागणारे कॅल्शियम बंद टाकीत संपत होते. १९७०च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी त्यावर उपाय रूढ केला. जर्मनमध्ये त्याला 'काल्कवासर' म्हणतात आणि जगभर तेच नाव चालते. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला मात्र त्याचे दुसरे नाव ठाऊक आहे : चुन्याची निवळी. फुंकर घातली की जी दुधाळ होते, तीच.

१८/
फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीत कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होतात. प्रवाळाचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच. निवळी टाकीला कॅल्शियम देते आणि क्षारता टिकवते. शिवाय काही बाहेरचे उरत नाही. मात्र ती तीव्र अल्कधर्मी असते. म्हणून बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी, थेंब-थेंब, शक्यतो रात्री सोडतात. एकदम ओतली तर टाकी तासाभरात जाऊ शकते. पानाच्या टपरीवरचा चुना यासाठी नाही. त्यात काय मिसळले आहे ते सांगता येत नाही.

१९/
रोजची निगा या इतिहासाचाच सारांश आहे. साठ लिटरमधून एक लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून सुमारे ३५.६ वर जाते. कारण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, तापमान २५-२६ अंश, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी तयार समुद्रजलाने बदलणे. टाकी जितकी लहान, तितकी चूक लवकर भोवते. म्हणून 'लहान टाकी सोपी' हा समज नवख्यांना सर्वांत महाग पडतो.

२०/
विजेचा प्रश्न वेगळाच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई कित्येक तास अंधारात गेली. अशा वेळी दिव्यावाचून प्रवाळ दिवसभर तगतो; पण पाणी थांबले की उष्ण पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नसेल तर उपाय एकच : भांड्याने पाणी उचलायचे आणि थोड्या उंचीवरून परत ओतायचे, पुन्हा पुन्हा. १८४६ मधल्या त्या मोलकरणीचे काम अजून कालबाह्य झालेले नाही.

२१/
दुसरा शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ठाण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि पंखा किंवा चिलर नसलेली टाकी तिशी ओलांडते. मग यंगच्या काळी नोंदवले गेलेले तेच घडते : प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. समुद्रातही हेच चालू आहे. १९९८ मध्ये लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०१५-१६ मध्ये मालवणच्या प्रवाळांवरही ती पाळी आली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्येच घोषित झाले होते. पण तापलेल्या पाण्याला हद्द कळत नाही.

२२/
एक इशारा. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाच्या मूर आणि श्योयर यांनी एका मऊ, बटणासारख्या पॉलिपातून पॅलिटॉक्सिन वेगळे केले. ते ज्ञात विषांपैकी अत्यंत तीव्र. हौशी टाक्यांत लोकप्रिय असलेल्या झोअँथिड गटातील काही जातींत ते आढळते. नको असलेले पॉलिप मारण्यासाठी खडक उकळल्याने त्याच्या वाफेतून घरच्या घरी गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. खडक कधीही उकळू नये. फ्रॅग कापताना हातमोजे आणि चष्मा असावा.

२३/
आता या छंदातला सर्वांत अवघड प्रश्न : हा प्रवाळ आला कोठून? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व प्रवाळभित्ती बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसले. आपल्या समुद्रातून ते तोडणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. किनाऱ्यावरून 'आठवण म्हणून' उचललेला तुकडाही त्यातून सुटत नाही.

२४/
परदेशी प्रवाळही मोकळे नाहीत. १९९० पासून सर्व दगडी प्रवाळ 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याविना त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने करारातील प्रजातींसाठी भारतीय कायद्यात स्वतंत्र अनुसूची आली आणि जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. म्हणून दुकानात रंग पाहण्याआधी कागद पाहावा. 'सगळेच ठेवतात' हे उत्तर कागद नव्हे. कागद दाखवता येत नसतील तर तेथून रिकाम्या हाताने परतणे हीच निगेची पहिली पायरी.

२५/
ही अनुसूची किती खरी आहे, हे २०२० मध्ये मुंबईनेच पाहिले. सागरी किनारा मार्गाच्या भरावाखाली येणाऱ्या वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या छोट्या वसाहती आढळल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सल्ल्याने, वन विभागाची परवानगी घेऊन, त्या दक्षिणेला कुलाब्याच्या बाजूस हलवाव्या लागल्या. गढूळ म्हणून ज्या पाण्याकडे कोणी पाहत नव्हते, तेथेही प्रवाळ तग धरून होते; आणि त्यांना हलवण्याची कला मत्स्यालयांतच विकसित झालेली होती.

२६/
टाकीतील ज्ञान समुद्राकडे परतण्याचे हे एकच उदाहरण नाही. ऑस्ट्रेलियात १९८१ साली आढळले की पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्री असंख्य प्रवाळ एकाच वेळी बीजे सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी समुद्राचे ऋतुमान, सूर्यास्त आणि चंद्रकला टाकीवर कृत्रिमरीत्या घडवून बंदिस्त प्रवाळांकडून तेच करवून घेतले. ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हौशी मंडळींचे फ्रॅगिंगही त्याच दिशेचे : वाढलेल्या प्रवाळाचा कायदेशीर तुकडा दुसऱ्या टाकीत रुजला, तर समुद्रातला एक वाचतो.

२७/
पोवळ्याच्या मण्यापासून जिवंत पॉलिपापर्यंतचा हा प्रवास पाहिला तर कोलशेतच्या टाकीतली कोणतीच वस्तू नवी नाही. मीठ गॉसचे, खडक एंग यांचा, निवळी विल्केन्स यांची, घास सील यांचा, आणि हवेसाठी ओतलेले पाणी एका अनाम स्त्रीचे. नवे आहे ते एवढेच, की आज टाकी सांभाळणाऱ्याला प्रवाळ का पांढरा पडतो हे ठाऊक असते. दिवाणखान्यात त्याला २६ अंश राखून देता येतात. मालवणच्या पाण्यात ते राखायला पंखा आणि चिलर नाहीत.

(धागा समाप्त)